घंटेतली लोकर

गावात कुणी विचारलं, "कुवेतला काय करत होता?" तर मी आधी समोरच्याचं तोंड बघतो. माणूस घाईत असला तर "घोड्यांच्या तबेल्यात होतो" एवढ्यावर भागवतो. निवांत असला तर खरं सांगतो, की मी साहेब लोकांना घोड्यावर बसवून मेंढरं वळायला नेत होतो आणि त्यासाठी ते लोक रजा काढून, हौसेनं येत होते. मग समोरचा हसतो. धनगराचं पोर विमानात बसून समुद्रापलीकडे गेलं आणि तिथं जाऊनही मेंढरंच वळली. माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, हे कुणाला सांगू नको, धाकट्या भावाचं लग्न जमायचं नाही. धाकट्याचं लग्न जमलं, त्याला नातवंडंही झाली, तेव्हा आता सांगायला हरकत नाही.

मी माणदेशातला. आमच्या वडिलांचा कळप दिवाळी झाली की कोकणात उतरायचा. संसार घोड्याच्या पाठीवर, कोंबड्यासुद्धा घोड्याच्या पाठीवर, आणि माणसं पायी. त्यामुळे घोडं मला परकं नव्हतं. पुढं पुण्यात एका घोडेस्वारीच्या शाळेत घोड्यांची निगा राखायला मोतद्दार म्हणून लागलो आणि तिथल्या म्हाताऱ्या नालबंदानं मला त्याचं काम शिकवलं. त्याच कामावर मी कुवेतला गेलो. जहराच्या रस्त्याला, वस्ती संपून वाळू सुरू होते तिथं आमच्या मालकाचा तबेला होता. राहायला जलीबमध्ये एका खोलीत आठ जण. माझ्या कपड्यांना घोड्याचा वास येतो म्हणून बाकीच्या सातांनी माझी ट्रंक जिन्यात ठेवायला लावली होती. सात वर्षं ती ट्रंक जिन्यात राहिली आणि एकदाही चोरीला गेली नाही, यावरून वासाची कल्पना करावी.

आता त्या सहलीबद्दल. तिथला उन्हाळा म्हणजे भट्टी. त्या दिवसांत वाळवंटात फिरणाऱ्या बदू लोकांचे कळप विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांजवळ येऊन राहतात आणि चार मालकांची मेंढरं एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे कार्तिक लागतो त्या सुमारास हवा निवते. मग पहिला पाऊस यायच्या आत सगळी मेंढरं गोळा करायची, कानाचा काप आणि नाकाडावरचा डाग बघून ज्याची त्याला द्यायची, आणि प्रत्येकानं आपला कळप घेऊन उघड्या रानात निघायचं. ही त्यांची जुनी रीत. हरवलेलं मेंढरू वर्षभर ज्याच्याकडे राहिलं असेल, तोही या वेळी मालकाला परत करतो. लोकर आणि दूध सांभाळणाऱ्याचं, मेंढरू आणि कोकरू मूळ मालकाचं. आमच्याकडेही जवळपास असंच आहे, फक्त आमच्याकडे भांडणं जास्त.

या रीतीत घोड्यांचा काही संबंध नव्हता. अबू मरझूक नावाचा म्हातारा मेंढपाळ आमच्या तबेल्याशेजारी उन्हाळा काढायचा. त्याच्या सात पिढ्यांनी हे काम पायी आणि गाढवावर बसून केलं होतं. त्यात घोडे घुसवले आमच्या मालकानं. तो शिकायला परदेशी होता, तिथं त्यानं कुठंतरी लोक सुट्टी काढून घोड्यावरून मेंढरं गोळा करताना पाहिले होते. आल्यावर त्यानं पाच दिवसांची सहल काढली. दोन दिवस घोड्यावरून जायचं, दोन दिवस मेंढरं गोळा करायची नि निवडायची, एक दिवस सरळ वाटेनं परत. फहाहीलकडच्या तेल कंपन्यांतले साहेब यायचे, सालमियातले डॉक्टर यायचे, एकदा एक आजीबाई तर थेट लंडनहून आल्या होत्या. या लोकांना यात काय मिळतं, असं अबू मरझूकला वाटायचं. पण त्याला गंमत वाटत असावी, त्यानं कधी नाही म्हटलं नाही.

माझं काम गिऱ्हाइकाला घोडं नेमून द्यायचं. आधी बसला आहात का असं विचारलं की सगळे हो म्हणतात, म्हणून मी विचारायचोच नाही. जिन चढवा म्हणायचो आणि हात बघत उभा राहायचो. जो तंग आवळताना घोड्याशी बोलतो त्याला कसलंही घोडं द्यावं. जो घोड्याच्या तोंडाकडे न बघता लगाम ओढतो, त्याला आमचा काळा म्हातारा घोडा. त्याला ओढलेलं कळायचंच नाही. डेरेक नावाच्या इंजिनिअरला मी तोच दिला होता. पहिल्या वर्षी हा गडी रुंद काठाची टोपी घालून आणि खांद्याला दोर अडकवून आला, आणि मेंढरं दिसताच आरोळी ठोकून कळपात घुसला. काळ्या घोड्याला त्या वयात कुठून जोर आला देव जाणे. मेंढरं चौखूर उधळली, ती गोळा करता करता दिवस मावळला. अबू मरझूक रागावला नाही. माझ्याजवळ येऊन त्यानं शांतपणे विचारलं, या माणसाचं काही हरवलंय का.

मेंढरं मागून हाकायची नसतात, हे गिऱ्हाइकांना समजावता समजावता माझा घसा बसायचा. हाकललेलं मेंढरू पसरतं. पुढे कुणी चालत असेल तर ते मागे येतं, आणि पुढच्यावर एकदा विश्वास बसला की विहिरीतसुद्धा उडी घेतं. अबू मरझूक गाढवावर बसून सगळ्यांच्या पुढे. गाढवामागे एक मोठा खच्ची केलेला मेंढा, त्याला ते लोक मिर्या म्हणतात. हा मेंढा जन्मल्याबरोबर आईपासून तोडून गाढविणीजवळ वाढवतात, त्यामुळे तो तिलाच आई समजतो आणि तिची पाठ सोडत नाही. त्याची लोकर कधी कातरत नाहीत. त्याच्या गळ्यात घंटा. घंटेच्या आवाजामागे कळप. आणि सगळ्यात शेवटी, मुकाट्यानं, पावलाच्या चालीनं आमचे घोडे. साहेबांचा हिरमोड व्हायचा, पण दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांनाही त्या चालीची गोडी लागायची.

ती घंटा पितळेची, वीतभर उंच, अबू मरझूकच्या वडिलांची होती. वाळवंटात धूळ उठली की हातावरचं दिसत नाही. अशा वेळी म्हातारा जागच्या जागी उभा राहायचा आणि ऐकायचा. घंटा जिकडं, तिकडं मेंढा, आणि मेंढा तिकडं कळप. एकदा मी त्याला आमची एक युक्ती सांगितली. आमचे लोक हे कबूल करणार नाहीत, पण वाटेतलं गाव वाईट असलं आणि दोन्ही बाजूंना उभं पीक असलं, की पहाटे तिथून जाताना पुढच्या मेंढ्याच्या घंटेत लोकर कोंबतात. गाव जागं व्हायच्या आत कळप पार. दोन-चार कोस चालल्यावर लोकर आपोआप ढिली होऊन गळून पडते. वडील म्हणायचे, "लोकर कोंब रं, म्होरलं गाव वंगाळ हाय." अबू मरझूकला मी हे हसत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, घंटा मुकी करणारा एक तर चोर असतो नाहीतर भित्रा. मी मेंढपाळाच्या घरचा हे कळल्यापासून तो मला राई म्हणायचा, राई म्हणजे मेंढपाळ. त्या दिवशीही जाताना त्यानं मला राई म्हटलं, पण जरा विचार करून.

आमच्या सहलीत एक सिस्टर असायची, झुबेदा. दापोलीकडची, सालमियाला बहिणीकडे राहायची, हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या विभागात नर्स. कुणी घोड्यावरून पडलं तर औषधपाण्याला माणूस हवं म्हणून मालकानं तिला बोलावलं होतं. पहिल्या वर्षी ती सामानाच्या जीपमधून आली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "नारायणभाऊ, जीपमधी बसून माझी कंबर गेली, घोडी तरी बरी असंल." तिला मी नजमा दिली, आमची सगळ्यात शहाणी पांढरी घोडी. झुबेदाला घोडीची भीती आणि घोडीला झुबेदाची काळजी, असा दोघींचा संसार छान चालला होता.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये हे सगळं मोडलं. इराकच्या फौजा आल्या तेव्हा मालक कुटुंबासह परदेशी होता. पुढचे आठवडे काय होते ते पुष्कळांनी लिहिलं आहे, मी तबेल्यापुरतं सांगतो. आधी खोगिरं गेली. मग चाऱ्याच्या गाठी गेल्या. मग एके दिवशी चार घोडे गेले, त्यात काळा म्हातारा होता. त्याला नेताना मी शिपायाला सांगितलं, याचा लगाम ओढून उपयोग नाही. त्याला काय कळलं कोण जाणे. राहिली पाच. जलीबमधल्या खोलीतले एकेक जण बसमध्ये बसून बगदादमार्गे अम्मानला निघाले. शेवटचा निघताना म्हणाला, "तू घोड्यांसाठी मरणार आहेस का?" मला मरायचं नव्हतं. घरी बायको होती, दोन मुली होत्या. पण पाच जनावरं पाण्यावाचून बांधून ठेवून बसमध्ये बसायचं, हे मला जमेना.

सप्टेंबर संपता संपता अबू मरझूक आला. तो कळप घेऊन नैर्ऋत्येला, सरहद्दीपलीकडच्या नातलगांकडे निघाला होता. पुतण्याच्या पिकअपवर पाण्याची टाकी होती. त्यानं घोड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "ही माझ्याबरोबर येतील. तू घरी जा."

नालबंदाचं काम लोकांना नाल ठोकण्याचं वाटतं. खरं काम नाल वेळेवर काढण्याचं असतं. घोड्याचा खूर नखासारखा वाढतो, सहा आठवड्यांत नाल बदलावा लागतो. नाही बदलला तर तोच नाल खुराला पिळतो आणि घोडं लंगडं करतो. पुढे नालबंद भेटणार नव्हता. म्हणून त्या दुपारी मी पाचही घोड्यांचे नाल उपसले, खूर कानशीनं गोल केले आणि त्यांना अनवाणी केलं. सात वर्षं जे ठोकलं ते एका दुपारी काढलं. नजमानं चौथा पाय स्वतःहून उचलून दिला, तेव्हा मला रडू आलं. अबू मरझूक गाढवाशी काहीतरी करत पाठमोरा उभा राहिला. मी थांबेपर्यंत तो वळला नाही.

ते दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होते. पश्चिमेला तासाभराच्या वाटेवर फौजेचा तळ होता. कळप दिसला की चार-दोन मेंढरं कापायला नेतात, हे सगळ्यांना माहीत होतं. अबू मरझूक तळाला दूरचा वळसा घालणार होता. पण पहाटेच्या शांततेत ती घंटा दोन मैलांवर ऐकू जाते, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. मी विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. तो नमाजाला उभा होता तेवढ्यात मी मिर्याजवळ गेलो. कातरलेली लोकर कुठं दिसेना. माझ्या अंथरुणात गावाकडची घोंगडी होती, तिचा कोपरा चाकूनं कापला आणि घंटेत, लोलकाच्या मुळाशी, वर दाबून बसवला. बाहेरून दिसत नव्हता. मेंढ्याच्या छातीवरची लोकर एवढी लांब की घंटाच अर्धी झाकलेली. हलवून पाहिली. ठप ठप असा दबका आवाज आला, चार हातांवर विरणारा. मनात म्हटलं, तळ ओलांडेपर्यंत पुरे, मग आपोआप गळून पडेल.

सांगणार होतो. निघताना तरी सांगणार होतो. पण त्यानं येऊन मला छातीशी धरलं आणि सांगायचं राहून गेलं. तो गाढवावर बसला, मिर्या गाढवामागे, कळप मिर्यामागे, आणि शेवटी अनवाणी पाच घोडे. माझ्यासमोरून सगळे गेले. घंटा वाजली नाही.

मी बसनं अम्मानला गेलो, तिथं तंबूत दिवस काढले, मग मुंबई. गावी पोचल्यावर आठवडाभराने आईनं ती घोंगडी धुवायला काढली आणि विचारलं, कोपरा कुणी खाल्ला. मी घोंगडी हातात घेतली आणि कापलेली कड बोटांनी चाचपली. मोकळी लोकर घंटेत कोंबली तर ती हलून हलून सुटते. घोंगडी विणून, खळ देऊन, आवळलेली असते. तिचा तुकडा ओला होऊन वाळला की आणखी घट्ट बसतो. हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत. नालबंदाला माहीत नसलं तर चालेल, धनगराला माहीत असायला हवं होतं. पुढचं वर्षभर मी कुणाशी याबद्दल बोललो नाही, आणि धूळ उडाली की घरात जाऊन बसायचो.

एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात मालकाचं बोलावणं आलं. मी परत गेलो. दक्षिणेकडच्या तेलविहिरी अजून जळत होत्या, दुपारी सावल्या पडत नव्हत्या. तबेल्याचं छप्पर उडालं होतं. पण अंगणात तीन घोडे बांधले होते आणि त्यातली एक नजमा होती. पांढरी घोडी धुरानं राखाडी झाली होती. पाचांतले तीन अबू मरझूकनं परत आणले होते. दोन वाटेत गेले.

म्हातारा भेटला तो पिकअपमध्ये, पुतण्याच्या शेजारी बसलेला. गाढव नाही, घंटा नाही. मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं. तिसऱ्या दिवशी धूळ उठली. तो गाढवावरून उतरून नेहमीसारखा उभा राहिला आणि ऐकू लागला. काही ऐकू आलं नाही. दोन तास उभा होता. धूळ बसली तेव्हा त्याच्याजवळ तीसेक मेंढरं आणि घोडे होते. गाढवीण बुजून धुळीत पळाली होती, ती पुन्हा सापडलीच नाही, आणि तिच्यामागे मिर्या नि त्याच्यामागची दीडशे मेंढरं गेली होती. "माझे कान गेले," तो म्हणाला. "ऑगस्टात स्फोट जवळ झाले होते, तेव्हापासून घुमत होते. निघालो त्या दिवसापासूनच घंटा मला नीट ऐकू येत नव्हती. ज्याला घंटा ऐकू येत नाही त्यानं कळपापुढे चालू नये." आता उरलेली मेंढरं पुतण्या बघत होता.

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, वय झालं की होतं असं. हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

झुबेदाही परत आली होती. तिनं म्हाताऱ्याला स्वतःहून हॉस्पिटलात नेऊन कान तपासले. मला म्हणाली, "भाऊ, काय कळत नाय मला. त्याचे कान माझ्यापरीस बरे हायत. तो म्हनतो मशीनला वाळवंट काय ठावं. तुम्ही समजवा त्याला, तुमचं ऐकल." मी मान हलवली आणि नजमाच्या खुरात नसलेला खडा शोधत बसलो.

नोव्हेंबरात शेवटची आग विझली आणि त्याच सुमारास निरोप आला. पश्चिमेकडच्या एका मेंढपाळाला गेल्या वर्षी धुळीनंतर एक भटका कळप सापडला होता. त्यानं तो सरहद्दीपलीकडे नेऊन सांभाळला आणि परत आणला. कानाला दुहेरी काप, नाकाडावर आडवा डाग. ही अबू मरझूकची खूण. रीतीप्रमाणे यावं आणि निवडून न्यावं. मालक म्हणाला, घोडे तीन का असेनात, आपण जाऊ. या वर्षी गेलो नाही तर पुन्हा कधीच जाणार नाही. स्वार तिघं. मी, झुबेदा आणि डेरेक. डेरेकनं सात-आठ महिने जळत्या विहिरींवर काम केलं होतं. टोपी नव्हती, दोर नव्हता. मी जिन चढवायला सांगितलं तेव्हा तो तंग आवळता आवळता घोड्याशी बोलत होता.

अडचण वाटेची होती. डांबरी रस्त्यापासून त्या मेंढपाळाच्या मेंढवाड्यापर्यंत तीनेक कोस रान, आणि त्या रानात सुरुंग पेरलेले. त्या माणसाच्या पाण्याच्या गाडीनं महिनोन् महिने जाऊन येऊन दोन चाकांची एक वाट पाडली होती, सुरुंग काढणाऱ्यांनी ती तपासून दोन्ही बाजूंना दगड मांडले होते. त्या चाकोरीत धोका नव्हता. चाकोरीबाहेर कुणी सांगावं. गाडी मिळती तर मेंढरं गाडीत घातली असती, पण त्या वर्षी ट्रक मिळणं माणूस मिळण्यापेक्षा कठीण. दीडशे मेंढरं त्या अरुंद वाटेनं रांगेत आणायची होती. पुतण्या म्हणाला, थोडी मेंढरं चाकोरीबाहेर पुढे हाकलू, सुरुंग कुठं आहेत ते कळेल. अबू मरझूकनं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

म्हातारा पाण्याच्या गाडीतून आणि आम्ही तिघं घोड्यांवरून मागून, असे वाड्यावर पोचलो. आम्ही तिघांनी घोडे वाड्याच्या तोंडाशी आडवे उभे केले, म्हणजे निवडलेलं मेंढरू परत आत शिरत नाही. घोड्यांचं काम एवढंच, भिंत व्हायचं. डेरेक चार तास भिंत झाला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. अबू मरझूक एकेका मेंढराचं नाकाड धरून बघत होता. काहींना तो बघायच्या आधीच ओळखत होता. आणि मग आतून मिर्या आला. लोकर जमिनीला टेकलेली, गळ्यात घंटा. घंटा ठप ठप करत होती.

वाड्याचा मालक म्हणाला, मेंढा चांगला आहे, पण घंटा फुटकी आहे, आली तेव्हापासून अशीच.

अबू मरझूकनं गुडघे टेकले, घंटा उलटी केली आणि दोन बोटं आत घातली. बराच वेळ ओढत होता. काळ्या घोंगडीचा कोपरा निघाला, कडेला लाल दोरा. तिथल्या मेंढरांची लोकर पांढरी. काळी लोकर आणि लाल दोरा अख्ख्या त्या मुलखात एकाच माणसाच्या अंथरुणात होता, आणि त्या अंथरुणावर म्हातारा अनेकदा बसला होता. त्यानं मान वर केली.

"नारायण," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

मी घोड्यावरून उतरलो. सगळं सांगितलं. तळ, पहाट, त्याचा नमाज, मोकळी लोकर आणि घोंगडी. आल्यावरही सांगितलं नाही, तेही सांगितलं. अरबी अडखळली तिथं झुबेदानं शब्द पुरवले. म्हाताऱ्यानं घंटा हलवली. तिचा मोठा, गोल आवाज वाड्यावर पसरला आणि शंभर मेंढरांनी एकदम माना वळवल्या. त्यानं पुन्हा हलवली. मग दोन्ही हात कानांवर ठेवले.

"वर्षभर मी माझ्या कानांना शिव्या दिल्या," तो म्हणाला. "आधी त्यांची माफी मागतो. तुझं नंतर बघू."

त्यानं वाड्याच्या मालकाचं गाढव मागून घेतलं. गाढव परकं, मिर्या त्याच्यामागं येईल का अशी सगळ्यांना शंका. म्हातारा गाढवावर बसला, मेंढ्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि चाकोरीत उतरला. मेंढा गाढवामागे गेला नाही, तो म्हाताऱ्यामागे गेला. घंटा वाजू लागली. एकामागं एक मेंढरं त्या दोन चाकांच्या वाटेवर आली, आणि शेवटी आम्ही तिघं, नजमा सगळ्यात मागे. तीन कोस. डावीकडे दगड, उजवीकडे दगड. एकाही मेंढरानं पाऊल बाहेर टाकलं नाही. जमिनीवर काजळीचा थर होता, त्यावर कुठं कुठं हिरवं उगवलं होतं, आणि पुढून कुठून तरी घंटा ऐकू येत होती. ती चुकून थांबली तर आपणच थांबू असं वाटत होतं. मी त्या तीन कोसांत जेवढ्या वेळा मनात माफी मागितली तेवढी आयुष्यात मागितली नाही.

डांबरी रस्ता आला. पुतण्या पिकअपसह वाट बघत होता, त्यानं धावत येऊन म्हाताऱ्याला उतरवलं. झुबेदा घोडीच्या मानेवर डोकं ठेवून रडत होती. डेरेकनं जाऊन अबू मरझूकशी हात मिळवला.

मग म्हाताऱ्यानं मला हातानं खूण केली. तिकडं, त्या खांबापर्यंत जा. मी रस्त्यानं शंभर पावलं गेलो. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "हळू बोल. काहीही बोल."

वारा पडला होता. मला अरबी आठवेना. जे इतका वेळ मनात घोळत होतं तेच आमच्या भाषेत, ओठातल्या ओठात बोललो.

"म्हाताऱ्या, चुकलं माझं."

तो तसाच पाठमोरा उभा होता. मिर्याची घंटा एकदा हलली. मग त्यानं हात वर केला.

"ऐकलं रे, राई," तो म्हणाला. काय बोललास, असं त्यानं विचारलं नाही.